शोक करणाऱ्यांजवळ कसें बसावें?

वाचन : ईयोब, अध्याय २, योहान, अध्याय ११.



आपल्या खेड्यांत मरण झालें म्हणजे पहिले दोनचार दिवस अंगण माणसांनीं भरून जातें. पुढें जो तो आपल्या शेताकडे वळतो, आणि त्या घरांत सायंकाळीं दिवा लावणारें एकटें माणूस उरतें. कबरेजवळची प्रार्थना संपली म्हणजे आपलें काम संपलें, असें उपदेशकासहि कित्येकदां वाटतें. खरें काम तेव्हांपासूनच सुरू होतें. त्याविषयीं पांच गोष्टी आज शिकूं.

१. अश्रूंना अविश्वास म्हणूं नये. विश्वासणाऱ्यानें रडूं नये, असें सांगणारे पुष्कळ आढळतात. परंतु लाजराला आपण उठविणार हें ठाऊक असतांहि त्याच्या कबरेकडे जातांना प्रभूचे डोळे भरून आले. पुनरुत्थानाची आशा आणि डोळ्यांतील पाणी हीं दोन्हीं एका हृदयांत राहूं शकतात. ज्याला रडण्याबद्दल बोल लागतो, तो आपलें दुःख चोरून वाहतो आणि पुढें उपासनेस येण्याचेंहि टाळूं लागतो.

२. आधीं बसावें, मग बोलावें. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ भुईवर मुकाट्यानें बसले. तेवढें त्यांनीं चांगलें केलें. पुढें दुःखाचें कारण शोधून ते त्यालाच दोष देऊं लागले, तेथें ते चुकले. जिचें लेकरूं गेलें त्या मातेला, तें कोणाच्या पापामुळें गेलें हें सांगण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. त्यापेक्षां लेकराचें नांव घेऊन त्याची एखादी आठवण सांगावी. नांव टाळल्यानें दुःख टळत नाहीं.

३. हातांस काम व मनास वाट द्यावी. जळगांवाजवळील आसोदें येथें १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी आपल्या मंडळींतील नव्हत्या, पण त्यांजपासून आपणांस शिकतां येईल. त्यांना अक्षरओळख नव्हती. सुमारें तिसाव्या वर्षीं वैधव्य आलें. पदरीं तीन मुलें होतीं. शेतांत राबतांना व जात्यावर दळतांना त्या गाणीं रचीत, आणि वैधव्याचें दुःखहि त्यांनीं गाण्यांतच सांगितलें. पुत्र सोपानदेव ह्यांनीं तीं गाणीं जपलीं. १९५१ सालीं बहिणाबाई वारल्या. १९५२ सालीं गाण्यांचें पुस्तक निघालें. त्यांचें दळण थांबलें नाहीं, आणि त्यांचा शोकहि मुका राहिला नाहीं. म्हणून शोकग्रस्त बहिणीस सर्व कामांतून दूर बसवूं नये. तिच्यासोबत निंदणीस जावें आणि ती बोलेल तें ऐकावें.

४. दिवस ध्यानांत ठेवावे. खानदेशांत आखाजीस सासुरवाशिणी माहेरीं येतात आणि झाडाझाडाला झोके बांधले जातात. जिची लेक गेली तिला ते झोके पाहवत नाहींत. पहिली आखाजी, पहिला नाताळ, मृत्यूचा वर्षदिवस, ह्या वेळीं तिच्या घरीं अवश्य जावें. ज्या शेतकऱ्याचा बैल मेला त्याच्याकडे पोळ्याच्या दिवशीं जाण्यासहि लाजूं नये. दहा वर्षें एका जुंवाखालीं राबलेल्या जनावरासाठीं रडणाऱ्याला हंसणें हें निर्दयपण होय.

५. दुःख आजार होतें तें ओळखावें. शोकाला ठरलेली मुदत नाहीं. तो ओसरतो व पुन्हा भरून येतो. पण बहुत दिवस अन्न व झोप सुटली, माणूस दारू पिऊं लागलें, किंवा जीव देण्याची भाषा बोलूं लागलें, तर केवळ प्रार्थना करून परत येऊं नये. त्यास एकटें न सोडतां डॉक्टरांकडे न्यावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतहि बोलतां येतें. औषध घेणें हा विश्वासाचा कमीपणा नव्हे.

विचारावयाचे प्रश्न
१. ईयोबाचे मित्र कोठवर बरोबर होते व कोठें चुकले?
२. गेल्या वर्षांत आपल्या गांवीं कोणाच्या घरीं मरण झालें? त्या घरीं आपण शेवटचें कधीं गेलों?
३. ह्या आठवड्यांत तेथें कोण जाईल? त्याचें नांव आजच ठरवावें.