पत्ता कर्जतचा, खूण भलतीकडे

पत्ता पोस्टमनसाठी लिहिलेला असतो. नकाशाला लागतात दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. पत्त्यांच्या यादीवरून हे आकडे काढण्याच्या कामाला जिओकोडिंग म्हणतात. यंत्र पत्त्याचे तुकडे पाडते, आपल्याकडच्या नावांच्या साठ्याशी ते ताडून पाहते आणि जे नाव जुळेल त्याचे आकडे देते. घर सापडले नाही तर गावाचे, गाव सापडले नाही तर तालुक्याचे. खूण मात्र प्रत्येक वेळी सारखीच उमटते, ठसठशीत आणि खात्रीची. धोका आहे तो इथे.

प्रस्तुत लेखकाने रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्यांवरच्या कुटुंबांची यादी पहिल्यांदा नकाशावर चढवली, तेव्हा काही खुणा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला, पावणेदोनशे किलोमीटर पूर्वेला गेल्या. काही थेट छत्तीसगडमधल्या रायगढला. या चुका लगेच दिसल्या आणि सुधारल्या. जी दिसली नाही ती मोठी होती. बऱ्याच घरांना एकच बिंदू मिळाला होता आणि त्या खुणा एकावर एक बसल्याने वरून एकच दिसत होती. कुटुंबांना सामान पोहोचवण्यासाठी यादी तशीच पुढे गेली. सामानाची गाडी कशेळे गावच्या बाजारात जाऊन थांबली; ज्यांच्यासाठी सामान होते त्यांची घरे तिथून कितीतरी आत, डोंगराच्या अंगाला होती.

याचे मूळ ‘मु. पो.’ या दोन अक्षरांत आहे. शहराबाहेर मुक्काम एक आणि पोस्ट दुसरे असणे नेहमीचेच. पोस्टाचे गाव मोठे, म्हणून नकाशाला ठाऊक. वाडी लहान, म्हणून नकाशात नाही. यंत्र वाडी सोडते आणि पोस्ट धरते. त्यात ठाकूरवाडी, कातकरवाडी, धनगरवाडा ही नावे एकाच तालुक्यात अनेकदा येतात. खालापूर तालुक्यातले चौक हे तर गावाचेच नाव, पण यंत्र त्याचा अर्थ रस्त्यांचा चौक असा घेऊ शकते. जुन्या कागदांवरून उतरवलेल्या पत्त्यांत ‘जि. कुलाबा’ असते, जिल्ह्याचे रायगड हे नाव 1981 पासूनचे. असा पत्ता मुंबईच्या कुलाब्यात जाऊन पडू शकतो. रोमन लिपीतल्या लेखनाचा घोळ वेगळाच: एकाच गावाची तीन-तीन स्पेलिंगे.

म्हणून यादी आधी घरी नीट करावी. वाडी, महसुली गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड यांचे वेगळे रकाने असावेत. पोस्टाचा रकाना यंत्राला देऊच नये. तालुका, ‘रायगड, महाराष्ट्र’ आणि पिनकोड प्रत्येक ओळीत हवेतच: कर्जत 410201, नेरळ 410101, खालापूर 410202, खोपोली 410203. पिनकोड घर दाखवत नाही, पण दोन कर्जतांतला गोंधळ तेवढ्याने मिटतो. ‘पिंपळाजवळ’, ‘देवळामागे’ हे शब्द यंत्राला निरुपयोगी आणि जाणाऱ्या माणसाला अनमोल. ते शेवटच्या वेगळ्या रकान्यात जपावेत. घर किंवा सर्वे नंबर 12/3 असा असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते, म्हणून तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करावा. देवनागरी यादी यूटीएफ-8 मध्ये जतन करावी, नाहीतर नावांच्या जागी चिन्हांचा कचरा येतो.

साधन कोणतेही चालेल. गूगलच्या माय मॅप्समध्ये एका थरात 2000 ओळी बसतात. ओपनस्ट्रीटमॅपची नॉमिनॅटिम ही सेवा मोफत आहे, मात्र सेकंदाला एकाहून जास्त पत्ते विचारू नयेत आणि मिळालेले आकडे साठवून ठेवावेत, हा तिचा नियम.

आकडे आल्यावर तपासणी करावी, आणि यात घाई करू नये. या दोन तालुक्यांतली ठिकाणे ढोबळमानाने 18.6 ते 19.2 अक्षांश आणि 73.1 ते 73.6 रेखांश या चौकटीत येतात. बाहेरची प्रत्येक ओळ चुकीची. खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसली तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालेली असते, कारण केएमएल आणि जिओजेसन या फायलींत रेखांश आधी लिहितात. त्यानंतर आकड्यांनुसार यादी लावून सारखे आकडे शोधावेत. ज्या बिंदूवर अनेक घरे आहेत तो बहुधा गावाचा मध्य असतो, घर नव्हे. दशांशानंतरचे पाच आकडे म्हणजे साधारण एक मीटर. पण यंत्राने सात आकडे दिले म्हणून जागा अचूक ठरत नाही. प्रत्येक ओळीपुढे ‘घर’, ‘वाडी’, ‘गाव’ असा दर्जा लिहावा आणि खुणांना त्याप्रमाणे वेगळे रंग द्यावेत. पत्ते खासगी असतात, म्हणून नकाशा सर्वांना खुला करण्याआधी नावे आणि फोन नंबर काढून टाकावेत.

‘गाव’ दर्जाच्या खुणांवर इलाज एकच: तिथे जाणे, किंवा तिथल्या आशाताईंना, अंगणवाडी सेविकेला विचारणे. मोबाइलला रेंज नसली तरी जीपीएस चालते. मोकळ्यावर थोडे थांबावे, अचूकतेचे वर्तुळ आक्रसले की शाळेची किंवा विहिरीची जागा नोंदवावी. डाक विभागाने 2025 मध्ये आणलेला डिजिपिनही इथे कामाचा आहे. त्याची दहा अक्षरे सुमारे चार मीटरची चौकट दाखवतात आणि त्यासाठी रस्त्याचे नाव लागत नाही.

वाडीसाठी आणखी एक बिंदू घ्यावा: गाडी जिथे थांबते तो. 19 जुलै 2023 च्या रात्री चौकजवळ, इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता; मदतीला गेलेली माणसे पावसात डोंगर चढून वर पोहोचली. पायथा आणि वाडी यांमधले असे अंतर एका खुणेत मावत नाही.

बिंदूच्या नोंदीची तारीखही हवी. इर्शाळवाडीतल्या वाचलेल्या कुटुंबांना पुढे चौक परिसरात खाली वसवण्यात आले. 2023 च्या आधीच्या यादीतली इर्शाळवाडी डोंगरावर दाखवावी लागते; त्यानंतरच्या यादीत तेच नाव, तीच कुटुंबे, आणि जागा पायथ्याची.