जुनी मोटार विकताना : ऐब सांगणे हे कर्तव्य



समजा, आपण बारा वर्षे वापरलेली मोटार विकावयास काढली आहे. इंजिन सुरळीत आहे, रंगही चांगला आहे. मात्र एअरबॅग बदलून घेण्याविषयी कंपनीचे आलेले पत्र कपाटात तसेच पडून आहे. घेणाऱ्याने त्याबद्दल काही विचारले नाही. आपण सांगावे काय?

प्रथम हा दोष समजून घेऊ. जपानच्या ताकाता कंपनीच्या कोट्यवधी एअरबॅगांत वायू निर्माण करण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले होते. वर्षानुवर्षे उष्ण व दमट हवेत राहून ते बिघडते. मग अपघाताच्या वेळी ते अतिवेगाने पेटते, धातूची डबी फुटते आणि प्राण वाचविणारी पिशवीच धातूचे तुकडे चालकावर फेकते. याने अनेकांचे प्राण गेले. होंडा, टोयोटा आदी कंपन्यांनी भारतातही अशा मोटारी परत बोलावून तो भाग विनामूल्य बदलून दिला. कोकणासारख्या दमट प्रदेशात राहणाऱ्यांनी तर याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

आता सहीह मुस्लिममधील ती प्रसिद्ध हदीस आठवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसविणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. धान्य भिजले यात विक्रेत्याचा अपराध नव्हता, आणि ते ओले आहे काय, असे कोणा ग्राहकाने विचारलेही नव्हते. तरीही झाकणे ही फसवणूकच ठरली. मोटारीचा दोष कारखान्याचा असेल, पण तो लपविणे हे आपले कृत्य आहे. 'जशी आहे तशी घ्या' एवढे म्हटल्याने माहीत असलेला ऐब लपविण्याचे पाप टळत नाही. म्हणूनच शरीअतने ग्राहकास 'खियार-ए-ऐब', म्हणजे दोष आढळल्यास माल परत करण्याचा हक्क दिला आहे.

तेव्हा विक्रीपूर्वी चेसिस क्रमांक देऊन अधिकृत सेवा केंद्रात चौकशी करा. दुरुस्ती करून घ्या व तिची पावती ग्राहकास द्या. दुरुस्ती राहिली असल्यास तसे स्पष्ट सांगा, लिहूनही द्या. मोटार आधीच विकली असेल तर आजच त्या बांधवास कळवा. त्या मोटारीत त्याची मुलेबाळे बसत असतील.

किंमत थोडी कमी येईल, पण बरकत सत्यातच आहे. अल्लाह आपणा सर्वांस हलाल कमाईची सद्बुद्धी देवो. आमीन.