हजिऱ्याच्या बसमध्ये आयईएम घालणाऱ्या भाच्याला

पार्सल आलं की तू आयईएमचं, म्हणजे त्या कानात बसणाऱ्या इयरफोनचं, धातूचं कवच उजेडात फिरवून बघतोस, वायर हाताळतोस, आणि डबीच्या तळाशी छोट्या पिशवीत पडलेल्या रबरी टिपा तशाच राहतात. आजपासून उलटं कर. आधी टिपा बाहेर काढ. लहान, मध्यम, मोठी अशा जोड्या असतात. मध्यम लावूनच येते आणि बरीच पोरं ती कधी काढतच नाहीत. डाव्या आणि उजव्या कानाचं भोक सारखं असेलच असं नाही. एकात मध्यम आणि दुसऱ्यात मोठी लागली तर खुशाल लाव.

घालताना दुसऱ्या हाताने डोक्यामागून कान वर आणि मागे ओढ, आयईएम सावकाश आत सरकव, किंचित फिरव, मग कान सोड. घाईने दाबलीस तर आत कुरकुर असा आवाज येतो, तो ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचा, पडदा हवेच्या दाबाने दुमडल्याचा असतो. वायर कानावरून मागे घे, म्हणजे शर्टाला घासल्याची खरखर ऐकू येत नाही. नीट बसली का हे बघायला गाणं लागत नाही. तोंड मिटून लांब हुंकार दे. स्वतःचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा घुमला तर बसली. एका बाजूला फिका वाटला तर त्या बाजूची टीप बदल.

हे इतकं घोळून सांगतोय कारण ‘बासच नाही’ म्हणून परत पाठवलेल्या कित्येक आयईएम मी पुढच्या माणसाच्या कानात उत्तम वाजताना पाहिल्यात. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. फ्लँजचं गॅस्केट नीट बसलं नाही तर पंप कितीही मोठा आणा, लाईनला दाब येत नाही. इथेही फट राहिली की खालचे सूर निसटून जातात, उरतो तो चिरका आवाज. मग तू आवाज वाढवतोस. खरं दुखणं तिथे सुरू होतं.

तू सुरतेत दिंडोलीहून पहाटेची बस धरतोस, उधना दरवाजा, मगदल्ला, इच्छापोर करत मोऱ्यापर्यंत येतोस. खिडक्या उघड्या, बाजूने ट्रेलर चाललेले, हॉर्न अखंड. अशा बसमध्ये आवाज ऐंशी डेसिबलच्या घरात सहज जातो. गाणं ऐकू यायचं तर त्याच्याही वर न्यावं लागतं. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशोब ध्यानात ठेव: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे, म्हणजे नायॉशपेक्षा सैल. या हिशोबात आवाज कसला हे कोणी विचारत नाही. कॉम्प्रेसरचा असो की अरिजित सिंगचा, दोन्ही एकाच खात्यात जमा होतात.

मुंबईतला किंवा पुण्यातला ऑफिसात बसणारा पोरगा संध्याकाळी आयईएम घालतो तेव्हा त्याचं खातं जवळपास रिकामं असतं. तुझं तसं नाही. हजिऱ्यात स्टील, खत, गॅस, जहाजाची अवजड कामं, सगळं एका पट्ट्यात आहे. तू पाळी संपवून बाहेर पडतोस तेव्हा दिवसाचा वाटा बराचसा खर्च झालेला असतो. म्हणून इंटरनेटवर लोक जे सल्ले देतात ते तुला जसेच्या तसे लागू होत नाहीत. बसमध्ये जाताना ऐक. येताना, निदान कॉम्प्रेसर हाऊस किंवा रोलिंगच्या बाजूला ड्यूटी लागलेल्या दिवशी, कान मोकळे ठेव. फारच मन झालं तर घरी जेवण झाल्यावर, पंख्याखाली, हळू आवाजात.

नीट बसलेली टीप बाहेरचा आवाज दहा-वीस डेसिबलने दाबते. तेवढं गाणं खाली आणता येतं. म्हणून टिपांवर खर्च केलेले दोन-तीनशे रुपये हे मी कानावरचा खर्च समजतो. सिलिकॉनच्या बसत नसतील तर फोमच्या घे. चिमटीत दाबून आत घालायच्या आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायच्या. त्या काही महिन्यांत खराब होतात, पण बसप्रवासाला त्यांच्यासारखं दुसरं नाही. आणि आवाज ठरवायचा तो घरी, शांत खोलीत. जागतिक आरोग्य संघटना फोनच्या कमाल आवाजाच्या ६० टक्क्यांखाली राहा म्हणते. घरी जिथे पुरेसं वाटलं ती पायरी लक्षात ठेव आणि बसमध्ये त्याच्या फार तर दोन पायऱ्या वर जा. त्यापुढे जावंसं वाटलं तर टीप बसलेली नाही असं समज.

प्लांटच्या आत आयईएम कधीच नको. तुझे मित्र म्हणतात, नाहीतरी कानात प्लग घालायचाच असतो, त्याऐवजी हे घातलं तर काय बिघडलं. प्लग किती आवाज दाबतो हे मोजून त्याच्या पाकिटावर छापलेलं असतं. आयईएम त्या कामासाठी मोजलेली नसते, आणि तू त्यात वर गाणं ओततोस. शिवाय गॅसचा अलार्म, क्रेनची घंटी, मागे घेणाऱ्या डंपरचा भोंगा, यातलं एक जरी चुकलं तर पुढचं बोलायला नको. मोऱ्याच्या रस्त्यावर चालताना आणि मोटारसायकलवरही नको.

माझ्या पिढीतले कॉम्प्रेसर हाऊसवाले आज फोनवर ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकतात. स, श, फ ही अक्षरं वरच्या पट्टीतली, आणि गोंगाटाने कानाचं नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास होतं. माणूस म्हणतो, ऐकू तर येतं, पण समोरचा पुटपुटतो. घरात टीव्ही मोठा होतो, सुना चिडतात, नात गोष्ट सांगायला येते आणि अर्ध्यात निघून जाते. हे नुकसान हळूहळू होतं, दुखत नाही, आणि झालेलं भरून येत नाही. पाळीनंतर कानात शिटी वाजल्यासारखं वाटलं किंवा बोलणं कापसातून आल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी गाणी बंद. याला तडजोड नाही.

आता खरेदीचं. तुझ्या हौसेच्या मी विरोधात नाही. दर सेलला केझेड कंपनीची नवीन आयईएम घेणं मात्र मला पटत नाही. सगळ्या जवळपास एकाच चवीच्या निघतात, बास फुगलेला आणि वरचे सूर टोचरे. २०१७ साली येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापं तपासली, तर किंमत आणि आवाजाचा आलेख यांचा काही संबंध सापडला नाही. तुझ्या वयाच्या पोरांना याचा आनंद व्हायला हवा. २०२२ साली आलेल्या मूनड्रॉप चू आणि सेव्हनहर्ट्झ सॉलनोट्स झिरो या दोन स्वस्त आयईएमनी नेमकं तेच दाखवलं: एकच डायनॅमिक ड्रायव्हर, पण सुरांची जुळवणी विचाराने केलेली. दीड ते अडीच हजारांत एक चांगली घे आणि वर्षभर तीच ऐक. पाच ड्रायव्हर, सात ड्रायव्हर असं छापलेलं बघून हुरळू नकोस.

आलेख बघतोस ते चांगलं आहे. पण दोन आलेखांची तुलना एकाच माणसाने, एकाच यंत्रावर मोजलेली असतील तरच कर. ८ किलोहर्ट्झच्या आसपास दिसणारं टोक पुष्कळदा मापाच्या कृत्रिम कानातलंच असतं, आयईएम किती आत घातली यावर ते सरकतं. त्यावरून ‘ही टोचेल’ असं ठरवू नकोस.

वायर सुटी होणारीच घे. आधी तुटते ती वायर, तीही प्लगपाशी. ती बदलता आली तर आयईएम वाचते. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी आयईएमच्या मागे लागण्यापेक्षा ३.५ मिलिमीटरची घेऊन डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारी चिप) असलेला डोंगल वेगळा घे. काही स्वस्त ॲडॅप्टरांत डॅक नसतो आणि सगळ्या फोनवर ते चालत नाहीत. या आयईएम सोळा ते बत्तीस ओमच्या, फोन त्यांना सहज वाजवतो. ॲम्प्लिफायरचे पैसे अमळनेरच्या तिकिटाला ठेव, आईला भेटून ये.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नाव वाच, फक्त ब्रँडचं नाही. ‘परतावा’ आणि ‘फक्त बदलून मिळेल’ यांत फरक आहे. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि छापील किंमत हवी. खोकं उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढ, पत्त्याच्या चिठ्ठीपासून दोन्ही बाजू वाजेपर्यंत. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. टाळाटाळ झाली तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लाव.

परताव्याची मुदत संपायच्या आत नीट ऐकून घे, आणि तुला तोंडपाठ असलेलंच ऐक. नवीन गाण्यावर परीक्षा होत नाही. मी आधी तंबोरा लावतो, नुसता. किशोरीताईंच्या किंवा भीमसेनजींच्या मैफिलीतलं सुरुवातीचं अर्धं मिनिट पुरे. जवारी चांगली लागलेल्या तंबोऱ्यात षड्जाच्या तारेतून वरचे सूर उमलत जातात, गंधार न वाजवता ऐकू येतो. बास फुगलेल्या आयईएममध्ये तो गंधार बुजतो आणि नुसती भुणभुण उरते. मग लावणीतली ढोलकी. डाव्या बाजूचा घुमारा आणि उजव्या बाजूची टणक थाप वेगवेगळी कळली पाहिजेत. घुमारा थापेवर सांडत असेल तर ती परत पाठव. तुझी अहिराणी डीजे गाणी त्यानंतर लाव. त्यात बास आधीच एवढा कोंबलेला असतो की कुठलीही आयईएम त्यावर पास होते. शेवटी बातम्या: बाईंच्या तोंडचा ‘स’ सुईसारखा टोचला तर दोन तासांनी डोकं धरणार. आणि ‘दोनशे तास वाजवलं की आवाज सुटेल’ असं कोणी सांगितलं तर थांबू नकोस. सवय होते ती आपल्या कानाला, आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

सांभाळायची कशी, तेही हजिऱ्याच्या हिशोबाने. ड्रायव्हरमध्ये चुंबक असतं आणि तू फिरतोस लोखंडाच्या भुकटीत. बॉयलर सूटच्या खिशात आयईएम टाकलीस की दोन दिवसांत जाळीवर काळी लव चढते, मग एक बाजू हळू वाजायला लागते. फुंकर मारू नकोस, भुकटी आत जाते. जाळी खाली धरून मऊ ब्रश फिरव आणि उरलेलं चिकटपट्टीने हलकेच टिपून घे. सुवाळीच्या किनाऱ्यावर तर नेऊच नकोस, तिथली वाळू जाळीत अडकली की निघत नाही. खाडीची खारी हवा आणि घाम यांनी तांब्याची वायर हिरवी पडते. रुमालाने पुसून घट्ट झाकणाच्या डबीत ठेव, औषधाच्या बाटलीत येते ती सिलिकाची पुडी सोबत टाक. वायर बदलताना दोन्ही पिना बघून लाव. एका बाजूची उलटी बसली तर बास गायब होतो आणि गाणारा डोक्याबाहेर गेल्यासारखा वाटतो. लोक मग आयईएम बिघडली म्हणून फेकून देतात.

टिपा आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यात धू आणि पूर्ण वाळल्यावर लाव. पावसाळ्यात ओल्या कानात रबर कोंबलं की बुरशी धरते, खाज सुटते, पाणी येतं. अशा वेळी आजी तेल कोमट करून आणेल. तिला नमस्कार कर, पण तेल घालू देऊ नकोस, कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा. आणि आयईएम मित्राला द्यायचीच असेल तर टिपा बदलून दे.

आता तुझी वार्षिक तपासणी येईल. कान तपासण्याआधी निदान चौदा तास ते गोंगाटापासून लांब असावे लागतात, नाहीतर आकडे खोटे येतात. म्हणून पाळी संपल्यावर लगेच बसू नकोस, सुटीनंतरच्या सकाळची वेळ मागून घे, आणि आदल्या संध्याकाळपासून आयईएमही नको. कागदावर सही करून निघून येऊ नकोस, आलेखाची प्रत माग. ती तुझ्याच कानांची आहे. दोन्ही कानांचा ४००० हर्ट्झसमोरचा आकडा बघ, गेल्या वर्षीचा कागद शेजारी ठेव, आणि दोन्हींचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव.