सर्व्हर सुरू करण्याआधी फोल्डर बघा

नागपुरात महाल भागात आमचं पुस्तकांच्या अक्षरजुळणीचं छोटं काम आहे. चार संगणक, एक राउटर आणि दिवाळी अंकांच्या दिवसांत प्रुफांचा ढीग. पूर्वी प्रत्येक फाइल पेनड्राइव्हवरून या टेबलावरून त्या टेबलावर जायची. सोबत व्हायरसही जायचा, आणि एकाच लेखाच्या तीन-तीन प्रती होऊन बसायच्या. एकदा भाचा म्हणाला, "मामा, पेनड्राइव्ह कायले फिरवता? सर्व्हर चालू करा ना." त्यानंतरच्या वर्षांत जे शिकलो, ते असं.

१. आज्ञा एका ओळीची आहे.
पायथन ३ असलेल्या संगणकावर टर्मिनल उघडायचं, हव्या त्या फोल्डरमध्ये जायचं आणि 'पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर' ही आज्ञा द्यायची. विंडोजवर बहुधा नुसतं 'पायथन' लिहावं लागतं. मग दुसऱ्या संगणकाच्या किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये आपल्या यंत्राचा आयपी पत्ता आणि त्यापुढे अपूर्णविराम (कोलन) देऊन ८००० हा पोर्ट क्रमांक टाकला, की फाइलींची यादी समोर येते. पलीकडे काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.

२. इंटरनेट लागत नाही.
एका पावसाळ्यात केबल तुटली आणि दोन दिवस इंटरनेट बंद होतं. राउटर मात्र इन्व्हर्टरवर चालू होता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरण्यासाठीच राखून ठेवलेले असतात. त्यामुळे आमच्या फाइली बाहेरच्या जगाला न विचारता टेबलाटेबलांवर पोचत राहिल्या आणि अंक वेळेवर छापायला गेला.

३. कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहात, ते आधी बघा.
माझी सर्वांत मोठी चूक हीच. घाईत 'होम' फोल्डरमधूनच सर्व्हर सुरू केला. लेखकांच्या मानधनाचे हिशेब, त्यांच्या आधार कार्डांच्या प्रती, सगळंच यादीत दिसत होतं. तासाभरानं एका मुलीनं लक्षात आणून दिलं. लोकांनी विश्वासानं दिलेले कागद मी उघड्यावर ठेवले होते, याचं वाईट आजही वाटतं. तेव्हापासून 'वाटप' नावाचा वेगळा फोल्डर आहे. २०१८ मध्ये आलेल्या पायथन ३.७ पासून आज्ञेतच '--डिरेक्टरी' लिहून फोल्डर ठरवून देता येतो. मी तो नेहमी देतो.

४. या दाराला कुलूप नाही.
इथं पासवर्ड नाही, आणि मजकूर सांकेतिक होऊनही जात नाही. त्याच वाय-फायवरचा कुणीही यादी उघडू शकतो. म्हणून पाहुण्यांना वेगळं वाय-फाय, आणि हॉटेलात किंवा स्टेशनवर सर्व्हर सुरू करायचाच नाही. फक्त स्वतःला पान तपासायचं असेल, तर '--बाइंड १२७.०.०.१' द्यावं, मग ते आपल्या यंत्राबाहेर दिसत नाही. खऱ्या संकेतस्थळासाठी हा सर्व्हर वापरू नका, असं पायथनच्या माहितीपुस्तिकेतच बजावलेलं आहे.

५. मोठा फोल्डर झिप करूनच द्या.
यादीतून फाइली एकेक करूनच उतरतात. अख्ख्या पुस्तकाची चित्रं द्यायची, तर आधी झिप करावी. पण अर्ध्यात जोडणी तुटली तर डाउनलोड पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून मी प्रकरणवार लहान झिप करतो.

६. इथून फक्त घेता येतं.
पलीकडून कुणी फाइल चढवू शकत नाही, पुसूही शकत नाही. आधी मला ही उणीव वाटायची. आता तोच मोठा फायदा वाटतो, कारण मूळ प्रत एकाच जागी राहते आणि प्रूफ कुठलं ताजं, हा वाद मिटतो.

७. काम झालं की बंद करा.
कंट्रोल आणि सी दाबलं, की सर्व्हर थांबतो. खिडकीत कुठल्या पत्त्यावरून कुठली फाइल मागितली गेली, त्याच्या ओळी उमटलेल्या असतात. त्या मी आधी वाचतो, मगच दुकानाचं शटर ओढतो. दुसऱ्याचं लिखाण सांभाळणं हे आमचं काम आहे, आणि त्या दोन कळा दाबणं हा त्याच कामाचा भाग आहे.