शेततळ्यातल्या माशांना आंबवलेली ढेप

सोयाबीनची सोंगणी उरकली की बीबी परिसरात शेततळ्यातल्या रोहू-कटल्याकडे लक्ष द्यायला सवड मिळते. शेजारच्या लोणार सरोवराच्या क्षारपाण्यात मासा पाळता येत नाही. आपली भिस्त शेततळ्यावर. मात्र प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात तळाला गाळ नसतो, म्हणून नैसर्गिक खाद्यही कमी तयार होतं. अशा तळ्यात मासा वाढतो तो बहुतांशी आपण टाकलेल्या खाद्यावर.

ढेप बैलाला पचते, मग माशाला का नाही? रोहू, कटला, मृगळ यांना जठरच नसतं. सोयाबीनमधला बराचसा स्फुरद फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि तो सोडवणारं विकर माशाकडे नसतं. न पचलेला स्फुरद विष्ठेतून पाण्यात उतरतो, पाणी हिरवंगार होतं. आंबवताना सूक्ष्मजीव हा फायटेट बराच फोडतात, प्रथिनंही सुटी करतात. इडलीच्या पिठाचंच तंत्र.

100 किलो माशांसाठी दोन दिवसांचं खाद्य असं करा. 2 किलो सोयाबीन ढेप आणि 2 किलो गव्हाचा कोंडा किंवा तुरीची चुणी बारीक करून घ्या. 100 ग्रॅम गूळ, वाटीभर ताजं ताक आणि दोन चमचे बेकरीचं यीस्ट कोमट पाण्यात कालवून त्यात मिसळा. ताकासह एकूण पाणी 2 लिटरच्या वर नको. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. हीच खरी परीक्षा, मापं त्यानंतर. झाकणाच्या डब्यात दाबून भरा, वर थोडी जागा ठेवा आणि गॅस निघायला झाकण रोज क्षणभर सैल करा. ऑक्टोबरच्या उकाड्यात 48 तास पुरतात. थंडीत तीन-चार दिवस. दोन डबे आलटून-पालटून लावले तर खंड पडत नाही.

आंबीलसारखा वास आला की झालं. सडका वास, काळी वा हिरवी बुरशी दिसली तर सगळं पुरून टाका, जनावरांनाही घालू नका. आंबवल्याने बुरशीचं विष जाईल या भरवशावर पावसात भिजलेला माल वापरू नये. घरचं कच्चं सोयाबीन आधी भाजून किंवा उकडून घ्या. सरकी ढेपेत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. आंबवूनही ती थोडीच मिसळा.

रोज साधारण 3 किलो ओलं खाद्य, छिद्रं पाडलेल्या पोत्यात भरून, ऊन चढल्यावर सोडा. दोन तासांनी पोतं उचला. उरलं असेल तर उद्या कमी. ढगाळ हवेत किंवा मासे वर येऊन तोंड वासत असतील तर त्या दिवशी उपासच बरा. थंडीत भूक मंदावते, तसं प्रमाण उतरवा.

नेहमीचं खाद्य एकदम बंद करू नका. पहिले पंधरा दिवस चौथा हिस्साच आंबवलेला द्या आणि जाळं टाकून दहा-वीस माशांचं वजन वहीत लिहा.