स्टेम सेल : बातमी, चाचणी आणि बिल

'स्टेम सेल' हा शब्द आपण सगळ्यांनीच ऐकलाय. कधी पेपरात बातमी येते, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड येतो, 'आता लकवा, डायबेटिस, अंधत्व सगळं बरं होणार!' मग प्रश्न पडतो, खरंच का? आणि खरं असेल तर सरकारी हॉस्पिटलात हा उपचार का मिळत नाही?

मी सिव्हिलची विद्यार्थिनी. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे बायोलॉजी इंग्लिशमध्येच शिकले. 'भ्रूण' आणि 'मूलपेशी' हे शब्द हा लेख लिहिताना आईला विचारून घ्यावे लागले! तरी विषय सोपा करून सांगायचा प्रयत्न करते.

मूलपेशी म्हणजे काय?

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी आपापलं ठरलेलं काम करते. हृदयाची पेशी धडधडते, डोळ्याच्या पडद्यातली पेशी प्रकाश ओळखते. पण गर्भधारणेनंतर पाच-सहा दिवसांच्या भ्रूणात आतल्या बाजूला अशा पेशी असतात, ज्यांचं काम अजून ठरलेलंच नसतं. त्यांच्यापासून शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी बनू शकते. याच भ्रूण मूलपेशी, म्हणजे एम्ब्रियोनिक स्टेम सेल्स. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून त्या पहिल्यांदा वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवल्या.

भ्रूण येतात कुठून? टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात काही भ्रूण शिल्लक राहतात. जोडप्याने लेखी संमती दिली तर ते संशोधनासाठी वापरता येतात. यात भ्रूण नष्ट होतो, म्हणून जगभर वादही आहे आणि तो वाद क्षुल्लक नाही.

मुंबई यात मागे नव्हती

आपल्याला वाटतं हे सगळं अमेरिकेतच चालतं. पण ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकन सरकारने ठरवलं की तोपर्यंत तयार झालेल्या सेल लाइन्सवरच सरकारी पैशाने संशोधन होईल, आणि त्यांची यादी केली. त्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेच्या तीन सेल लाइन्स होत्या!

परळची गोष्ट तर अजून छान आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नातून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्या कामात परळचीच आयसीएमआरची प्रजनन संशोधन संस्था बरोबर होती. पुढे २००९ मध्ये त्याच संस्थेच्या डॉ. दीपा भारतीय आणि सहकाऱ्यांनी केआयएनडी-१ आणि केआयएनडी-२ या दोन मानवी भ्रूण मूलपेशींच्या सेल लाइन्स तयार केल्याचा शोधनिबंध छापला. त्यातही डॉ. हिंदुजांचं नाव आहे.

म्हणजे पेशी आपल्याकडेही होत्या. मग अडलं कुठे? तर पेशी असणं वेगळं आणि उपचार असणं वेगळं.

काँक्रीटचा नियम

आपल्या भाषेत सांगते. साइटवर काँक्रीट ओतताना आपण त्याचे क्यूब भरतो. सात दिवसांनी दाबून बघतो, अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा बघतो. कालच ओतलेल्या स्लॅबचे टेकू आज कोणी काढतं का? वरून कितीही कडक दिसला तरी नाही काढत.

औषधाची मानवी चाचणी, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, अशीच असते. पहिल्या टप्प्यात अगदी थोडी माणसं आणि एकच मुख्य प्रश्न, 'यातून अपाय तर होत नाही ना?' दुसऱ्या टप्प्यात डोस किती आणि फरक पडतोय का ते बघतात. तिसऱ्यात जास्त रुग्ण घेऊन दुसऱ्या गटाशी तुलना करतात. कारण काही लोक आपोआपही थोडे सुधारतात, तुलना केल्याशिवाय ते कळणार नाही.

भ्रूण मूलपेशींच्या बाबतीत काळजी जास्तच घ्यावी लागते. ही पेशी 'काहीही' बनू शकते, हाच तिचा गुण आणि हाच धोका. तशीच टोचली तर टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते, जिच्यात हाड, केस, दात असं काहीही वाढतं. म्हणून खऱ्या चाचण्यांत भ्रूण मूलपेशी थेट देतच नाहीत. आधी प्रयोगशाळेत तिच्यापासून हवी ती पेशी बनवतात, कच्ची पेशी उरली नाही ना ते तपासतात आणि मगच देतात.

पहिली चाचणी

जगातली अशी पहिली मान्यताप्राप्त चाचणी अमेरिकेच्या जेरॉन कंपनीची, मणक्याच्या दुखापतीसाठी. वीस हजारांहून जास्त पानांचा अर्ज! जानेवारी २००९ मध्ये परवानगी मिळाली. त्याच वर्षी प्राण्यांमध्ये बारीक गाठी दिसल्या म्हणून सरकारने काम थांबवलं. पुन्हा तपासण्या झाल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये अटलांटात पहिल्या रुग्णाला वीस लाख पेशी दिल्या गेल्या. अट अशी होती की दुखापत होऊन ७ ते १४ दिवसच झालेले असावेत. नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनीने पैशाच्या कारणाने काम बंद केलं. एकूण पाच रुग्ण झाले. त्यांच्यावर पुढे दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पेशींमुळे गंभीर अपाय दिसला नाही, पण पायात म्हणावी तशी ताकदही आली नाही.

कोणी म्हणेल, मग उपयोग काय? उपयोग हा की पुढच्यांना रस्ता सापडला. २०२५ मध्ये दोन मोठे निकाल आले. भ्रूण मूलपेशींपासून बनवलेल्या मेंदूच्या पेशी कंपवाताच्या बारा रुग्णांना दिल्या होत्या, त्या सुरक्षित ठरल्या. आणि टाइप-१ डायबेटिसच्या एका चाचणीत मूलपेशींपासून बनवलेल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी पूर्ण डोसने मिळालेल्या बारापैकी दहा जणांचं इंजेक्शन वर्षाअखेर बंद झालेलं होतं! मात्र परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात, आणि त्यांचे धोके आहेतच. १९९८ ते २०२५, सत्तावीस वर्षं. आपल्या वयापेक्षा जास्त!

आपल्याकडचे नियम

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांच्या नावात 'संशोधन आणि उपचार' असं होतं. २०१३ मध्ये नव्याने काढताना 'उपचार' हा शब्द मुद्दाम गाळला. २०१७ च्या आवृत्तीनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरो प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा कुठलाही वापर नेहमीचा उपचार मानला जात नाही. तो मान्य चाचणीतच करायचा. चाचणीतल्या प्रयोगाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर मोफत औषधोपचार आणि भरपाई द्यायची. डिसेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननेही सांगितलं की ऑटिझमवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही.

हे सगळं मी का वाचलं?

आमचं गाव खारबाव, वसई-दिवा लाइनवरचं. आजूबाजूला गोडाऊनच गोडाऊन. गावातला एक दादा दोन वर्षांपूर्वी गोडाऊनमध्ये थप्पीवरून पडला, तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही. मागच्या वर्षी एका खाजगी दवाखान्यातून 'स्टेम सेलचा कोर्स' सांगितला. घरच्यांनी उरलेली जागा विकायची तयारी केली. त्याची आई, आमची काकी, मला म्हणाली, "तू इंजिनियर होतेस ना गो, जरा वाचून सांग."

काकीला जेरॉन सांगून काय उपयोग? आम्ही एका कागदावर चार प्रश्न लिहिले आणि दादाच्या भावाने फोन करून विचारले :

१. ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर पैसे कसले?
२. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला नंबर काय? (ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही बघता येते. पण नुसती नोंद म्हणजे मान्यता नव्हे.)
३. एथिक्स कमिटी आणि केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी दाखवाल का?
४. नेमक्या कुठल्या पेशी, कुठून आलेल्या, आणि इजा झाली तर जबाबदार कोण?

पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं, "उपचारच आहे, पण नवीन आहे म्हणून गॅरंटी नाही." बाकी तिन्हीला, "आधी ॲडव्हान्स भरा, मग डॉक्टर बोलतील." जागा अजून विकलेली नाही. त्यातलेच थोडे पैसे धरून ठेवलेत आणि दादाची फिजिओथेरपी चालू आहे. काकीचं मन मात्र अजून मानत नाही, आणि मी तिला दोष देणार नाही. मुलगा तिचा आहे.

मित्रांनो, स्टेम सेल थोतांड नाही. काही आजारांवर तो उद्याचा उपचार ठरेलही, आणि ते काम करणारे कदाचित आपल्यातलेच कोणी असतील. पेशी वाढवायची यंत्रं, सेन्सर, मोजमाप हे आपल्याच शाखांचं काम आहे! पण तोपर्यंत घरात आपण 'शिकलेले' म्हणून आपल्याला विचारलं जाणार. तेव्हा फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी हे चार प्रश्न विचारा आणि शेजाऱ्यांनाही लिहून द्या. क्यूबचा रिपोर्ट बघितल्याशिवाय टेकू काढायचे नाहीत, एवढं तर आपल्याला फर्स्ट इयरपासून शिकवलंय.