छातीवर दाब देणे: वाचून शिकावे की वर्गात?

"सीपीआर घरी शिकता येईल का?" असे जळगाव-धुळ्याचे वाचक मला वारंवार विचारतात. माझे उत्तर: अर्धे येईल.

हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. पण शिरपूर-यावलच्या खेड्यात ती तेवढ्या वेळात पोचेलच असे नाही.

वाचून कळते ते असे: प्रौढ माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतो, तर १०८ ला कळवा. त्याला जमिनीवर उताणे निजवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर दाबा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्यांसाठी, तोंडाने श्वास न देता, केवळ दाब देण्याची पद्धत सुचवली.

परंतु पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे हाताला वाचून कळत नाही. वाचून आलेला माणूस बरगडी मोडेल या भीतीने कमी दाबतो, असे मी पाहतो. मोडलेली बरगडी जुळते. थांबलेले हृदय वाट पाहत नाही. उशीवर ताल बसतो, जोर नाही. त्यासाठी सरावाची बाहुली व चूक दाखवणारा शिक्षक हवा. जिवंत माणसावर सराव मुळीच नको.

वर्गात शिकलेलेही काही महिन्यांत विसरते. म्हणून एकदा वर्गात शिका, मग घरी उजळणी करा. आणि प्रसंग आधीच आला, तर शिकलो नाही म्हणून थांबू नका, दाबा.